एक वर राहिली

डॉक्टर तांडेलबाईंनी मागच्या पायांमध्ये
दोन बोटं फिरवली, मी गव्हात खडा शोधते तशी,
आणि म्हणाल्या, एक खाली आहे.
दुसरी गोळी उतरलीच नाही.

कागदावर लिहिलं होतं: बटाट्या शेडगे, नर, दीड वर्ष.
बटाटा मार्केटच्या गाळ्यात, फाटक्या बारदानाखाली सापडलेला.
यांनीच आणला, शर्टात घालून.
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या माणसाला
तेवढंसं वजन धरता येत नव्हतं,
सारखे खाली बघत चालले होते.

म्हणजे आता? हे म्हणाले.
पोटात असेल, बाई म्हणाल्या, नाहीतर जांघेत अडकली असेल.
आत राहिली तर उबेत बिघडते, पुढे गाठ धरते.
बीज धरत नाही, पण माज करते.
शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता,
आम्हा सगळ्यांवर बारीक पीठ बसत होतं
आणि हे भिंतीवरच्या मांजरांच्या कॅलेंडरकडे
मन लावून बघत होते.

खालची काढायचे सहा हजार.
वरची शोधावी लागते, म्हणून तिचे साडेनऊ वेगळे.
रक्त, सोनोग्राफी, इंजेक्शनं,
गळ्यात घालायची ती प्लास्टिकची कॉलर.
पिठाच्या पावतीमागे मी हिशेब केला.
एकोणीस हजार दोनशे.
माझी भिशी नुकतीच लागली होती, वीसची.
गिझर घ्यायचा होता.

रिक्षात हे म्हणाले, एकच तर आहे खाली,
तेवढी तरी राहू दे त्याला.
तीन टाकीपाशी पुन्हा:
पुरुषाची जात आहे गं. तळतळाट लागतो.
रिक्षावाला आरशातून बघायला लागला.
मी बटाट्याचा कान चोळत राहिले.

वाशीचं हॉस्पिटल मला आठवत नव्हतं, असं नाही.
धाकटी तीन दिवसांची. सिस्टर यांना म्हणाली होती,
पुरुषांचं सोपं असतं, टाकासुद्धा नाही, संध्याकाळी घरी.
तेव्हा हे पंख्याकडे बघत होते.
जड उचलायचं काम आहे सिस्टर, मग म्हणाले.
ते खरंच होतं.
महिन्याच्या आत मी तळमजल्यावरून हंडे चढवले,
तेही खरं.

बटाट्याच्या ऑपरेशनला यांनी अख्ख्या दिवसाचा खाडा केला.
माझ्या वेळी दुपारनंतर आले होते,
अंगाला कांद्याचा वास घेऊन.

सापडली. जांघेच्या वर, चरबीत.
बाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवली.
खालची जांभळाएवढी, टणक.
वरची भिजवलेला वाटाणा जणू, मऊ, फिकी,
कधी कुणाच्या हाताला न लागलेली.
एवढीशीचे साडेनऊ हजार, मी म्हटलं.
बाई हसल्या.
हे बाहेर गेले, गिरणीवाल्याशी काहीतरी बोलत उभे राहिले.

रात्री बटाट्या ती कॉलर घेऊन
कपाटाला, फ्रिजला, शिलाई मशीनच्या पायाला धडकत फिरला.
शेवटी यांच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला.
हे फरशीवर. अकरा, साडेअकरा, बारा.
खाडीकडून डास येत होते आणि यांचा एक हात
कॉलरच्या आत होता, ओल्या फडक्यानं
त्याचं नाक पुसत.

दिवा घालवल्यावर,
सतरा वर्षांनी, विचारलं:
तुला दुखलं होतं का गं तेव्हा?

मी म्हटलं, औषध आठ-आठ तासांनी.
टाके दहाव्या दिवशी, तारीख लिहून ठेवा.
आणि सकाळी आंघोळीचं पाणी
तुमचं तुम्ही तापवा.